लायकाचा क्रमांक काय सांगतो, काय सांगत नाही

जुन्या कॅमेऱ्याच्या माथ्यावर कोरलेला अनुक्रमांक हा बहुतेक संग्राहकांच्या लेखी त्या कॅमेऱ्याचा जन्मदाखला असतो. क्रमांक वाचायचा, छापील तक्त्यात तो कोणत्या वर्षात बसतो ते पाहायचे आणि वर्ष सापडले की ओळख पटली असे समजायचे, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी कोणाला शंकाही येत नाही. पद्धत सोयीची आहे आणि पुष्कळदा तिचे उत्तर बरोबरही येते. मात्र काटेकोरपणे पाहिले तर क्रमांक ज्या पत्र्यावर कोरलेला असतो त्या एका पत्र्यापुरतीच त्याची साक्ष असते. त्या पत्र्याखालचे शटर, त्याचे कापडी पडदे, अंतर मोजणारा रेंजफाइंडर, लेन्स बसवण्याची कडी, फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी आणि कडेचे पट्टा अडकवण्याचे कान हे सगळे भाग त्याच वर्षीचे आहेत की नाहीत, हे क्रमांक सांगू शकत नाही. म्हणूनच जुन्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा त्याचे भाग एकमेकांशी जुळतात की नाही या प्रश्नावर होते, आणि ज्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत खोलवर अभ्यासला गेला आहे तो म्हणजे जर्मनीतील वेट्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात बनलेला लायका.

एकाच नमुन्याच्या दोन कॅमेऱ्यांत दिसणारा फरक नेहमी एकाच कारणाने पडत नाही. कारखान्याने उत्पादन चालू असताना एखाद्या भागात केलेला बदल म्हणजे खरा उत्पादनभेद. पण मालकाच्या मागणीवरून कारखान्यानेच जुन्या कॅमेऱ्याला नवे भाग बसवून दिले असतील तर तो सुधारित कॅमेरा होतो, एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याने हाताशी असलेला सुटा भाग चढवला असेल तर तो संकर होतो, आणि गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी तसे केले असेल तर ती बनावट होते. चारही प्रकार वरवर पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. अशा फरकांवर किती पैसा अवलंबून असतो याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०२२ च्या जूनमध्ये वेट्झलार येथील लिलावात १९२३ च्या सुमाराच्या चाचणी-मालिकेतील १०५ क्रमांकाचा लायका, जो लायकाचा निर्माता ऑस्कर बारनाक स्वतः वापरत असे, १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. एवढा भाव जिथे मिळतो तिथे कोरणी आणि रंगाचा डबा घेऊन बसणारेही असतातच.

क्रमांकाविषयीचा पहिला गैरसमज असा की तो काळाच्या ओळीने वाढत जातो. प्रत्यक्षात कारखाना प्रत्येक नमुन्यासाठी क्रमांकांचे गठ्ठे आधीच राखून ठेवत असे आणि कॅमेरे त्या त्या गठ्ठ्यातून पुढे सरकत. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या एम-थ्री या नमुन्याची मोजणी सात लाखांपासून सुरू झाली; त्याच सुमारास जुन्या धाटणीचा, आट्यांनी लेन्स बसवायचा थ्री-एफ हा नमुनाही तयार होत होता आणि त्याचे शेवटचे क्रमांक आठ लाख सदतीस हजारांच्या घरापर्यंत गेले. त्यामुळे सात लाख वीस हजारांचा एक कॅमेरा आणि आठ लाख दहा हजारांचा दुसरा कॅमेरा समोर ठेवले, तर मोठा क्रमांक असलेला कॅमेरा नंतरचा असे म्हणण्याला काहीही आधार उरत नाही. एकाच गठ्ठ्याच्या आतही नवा भाग लागू होण्याचा क्षण धारदार नसतो. जुन्या भागांचा साठा संपेपर्यंत ते वापरले जात, त्यामुळे सीमारेषेवरच्या काहीशे कॅमेऱ्यांत जुने आणि नवे भाग एकत्र सापडणे अगदी स्वाभाविक असते. पुस्तकांत एखादा बदल अमुक क्रमांकापासून झाला असे एकच एक आकडा देऊन छापलेले असते, तेव्हा त्या आकड्याभोवती एक धूसर पट्टा आहे असे मनात धरूनच तो वाचावा.

भाग जुळवून पाहणे म्हणजे नेमके काय, हे थ्री-एफच्या एका चकतीवरून चांगले समजते. १९५० मध्ये आलेल्या या नमुन्यात फ्लॅशच्या दिव्याशी शटरचा मेळ घालण्याची सोय पहिल्यापासून होती. शटरच्या गतीच्या चकतीखाली एक पातळ कडे असते आणि त्यावर ० ते २० असे अंक असतात. कोणत्या जातीचा फ्लॅशबल्ब आणि कोणती गती वापरायची ते ठरवून तक्त्यातला अंक या कड्यावर लावायचा, म्हणजे बल्ब पूर्ण पेटण्याच्या क्षणी पडदा उघडा असतो. १९५० ते १९५२ या काळातील कॅमेऱ्यांवर हे अंक काळे आहेत, नंतरच्यांवर लाल. संग्राहकांच्या तोंडी याच भेदाला ब्लॅक डायल आणि रेड डायल अशी नावे रूढ आहेत. आता फक्त रंग पाहून थांबणारा माणूस सहज फसतो, कारण कडे बदलायला फार कष्ट लागत नाहीत. परंतु १९५२ मध्ये शटरच्या यंत्रणेतच सुधारणा झाली, फ्लॅशसाठी चालणारी सर्वांत जलद गती १/३० वरून १/५० वर गेली आणि त्याबरोबर वरच्या चकतीवरची गतींची रांगही बदलली. काळ्या अंकांच्या कॅमेऱ्यावर ३०, ४०, ६०, १००, २००, ५००, १००० असे आकडे असतात, लाल अंकांच्या कॅमेऱ्यावर २५, ५०, ७५, १०० असे आणि पुढे तसेच. त्यामुळे लाल अंकांच्या कड्यावर ३०-४०-६० अशी चकती बसलेली दिसली, तर दोन भागांपैकी एक कुठून तरी आणलेला आहे असे धरून चालावे आणि मग शटरची तपासणी करावी. १९५४ पासून याच नमुन्याला सेल्फ-टायमर, म्हणजे बटण दाबल्यावर काही सेकंदांनी शटर उडवणारी पुढच्या बाजूची तरफ मिळाली. पण हाही भाग कारखाना जुन्या कॅमेऱ्यांना बसवून देत असल्यामुळे कमी क्रमांकाच्या कॅमेऱ्यावर तो दिसला म्हणून लगेच नाक मुरडण्याचे कारण नाही.

कारखान्याची ही सुधारणेची सेवा लायकाच्या अभ्यासातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत रंजक भाग आहे. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत पहिला लायका विक्रीला आला तेव्हा त्याची लेन्स अंगचीच होती, रेंजफाइंडर नव्हता आणि शटरची सर्वांत मंद गती १/२० सेकंद होती. १९३० मध्ये लेन्स बदलण्याची सोय झाली, १९३२ च्या लायका टू मध्ये रेंजफाइंडर आला, १९३३ च्या लायका थ्री मध्ये एक सेकंदापर्यंतच्या मंद गती आल्या, १९३५ च्या थ्री-ए मध्ये १/१००० ची गती आली. प्रत्येक पायरीवर जुन्या मालकाने नवा कॅमेरा घ्यावा असा आग्रह लाइट्झने धरला नाही. जुना कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, ठरलेला दर भरायचा आणि तो नव्या नमुन्याच्या रूपात परत घ्यायचा अशी सोय त्यांनी ठेवली. या व्यवहारात कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक कायम राहत असे. म्हणून १९२० च्या दशकातला क्रमांक धारण करणारा आणि मंद गतींचे गोल बटण, रेंजफाइंडर व क्रोमचा मुलामा मिरवणारा कॅमेरा हातात आला तर तो बनावट नसून एखाद्या काटकसरी गिऱ्हाइकाची खूण असण्याची शक्यताच जास्त. बाजारात अशा कॅमेऱ्याला मूळ रूपातल्या कॅमेऱ्यापेक्षा कमी भाव येतो, हे रीतीला धरून असले तरी अन्यायाचे वाटते, कारण कारखान्याच्या हातांनी झालेले असे काम हाही त्या कारखान्याच्या इतिहासाचाच एक कागद आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर थ्री-सी नमुन्याच्या अनेक मालकांनी फ्लॅशची सोय बसवून आपला कॅमेरा थ्री-एफ करून घेतला. अस्सल थ्री-एफचे क्रमांक पाच लाख पंचवीस हजारांच्या पुढे सुरू होतात. त्याखालच्या क्रमांकावर फ्लॅशचे कडे दिसले की तो रूपांतरित कॅमेरा. याच घराण्यात एक भेद असा आहे की तो लपवणे कोणालाही जमत नाही. १९४० मध्ये थ्री-सी पासून कॅमेऱ्याचा सांगाडा ओतीव धातूचा झाला आणि त्याबरोबर कॅमेरा लांबीने सुमारे ३ मिलिमीटर वाढला. साधी स्टीलची पट्टी किंवा कॅलिपर लावला की आधीचा थ्री-बी आणि थ्री-सी वेगळे पडतात. वरचा पत्रा कोणताही असो, सांगाड्याची लांबी खोटे बोलत नाही.

लेन्स बदलण्याच्या सोयीच्या पहिल्या काही महिन्यांतील कॅमेऱ्यांवर एक बारीकशी खूण तपासण्यासारखी असते. फिल्मपासून लेन्सच्या बैठकीपर्यंतचे अंतर सर्व कॅमेऱ्यांत एकसारखे ठेवणे तेव्हा कारखान्याला अजून साधले नव्हते, म्हणून प्रत्येक लेन्स त्या एकाच कॅमेऱ्यासाठी बसवून दिली जाई आणि तिच्यावर कॅमेऱ्याच्या क्रमांकातील शेवटचे आकडे कोरले जात. १९३१ मध्ये हे अंतर २८.८ मिलिमीटर असे पक्के झाले आणि कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर चालू लागली. हे कळावे म्हणून बैठकीच्या कड्यावर, घड्याळात बारा असतात त्या ठिकाणी, एक छोटे शून्य कोरले जाऊ लागले. हे शून्य लेन्स काढून, भिंगातून पाहिल्याशिवाय सहसा नजरेत भरत नाही. जुन्या क्रमांकाच्या कॅमेऱ्यावर ते असेल तर बैठक नंतर प्रमाणित करून घेतलेली आहे, आणि तीन आकडे कोरलेली जुनी लेन्स तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यासह एकत्र सापडली तर ती जोडी मोडण्याचा मोह संग्राहकाने टाळावा हे बरे.

एम-थ्री हा लायकाचा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला नमुना. १९५४ पासून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तो सव्वादोन लाखांच्या आसपास बनला आणि या अवधीत त्याच्यात इतके बारीक बदल झाले की त्यांच्या याद्यांवरच पुस्तके लिहिली गेली. आट्यांऐवजी थोडेसे वळण देऊन लेन्स अडकवण्याची नवी बैठक, पन्नास, नव्वद आणि एकशे पस्तीस मिलिमीटर लेन्सच्या चौकटी आपोआप दाखवणारा मोठा व्ह्यूफाइंडर, ही त्याची मूळ वैशिष्ट्ये पहिल्यापासून तशीच राहिली; बदलले ते तपशील. सुरुवातीच्या एम-थ्रीमध्ये फिल्म पुढे सरकवण्यासाठी अंगठ्याने तरफ दोनदा ओढावी लागते. फिल्म एका झटक्यात ओढल्याने फाटू नये आणि घर्षणाने विजेच्या ठिणग्या पडून तिच्यावर डाग उमटू नयेत, ही काळजी त्यामागे होती असे सांगितले जाते. १९५८ च्या सुमारास, नऊ लाख एकोणीस हजारांच्या आसपास, एकाच ओढीत काम होऊ लागले. पण तोपर्यंत विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ कॅमेरे कारखान्याने मालकांच्या विनंतीवरून एक-ओढीचे करून दिले, त्यामुळे साडेसात लाखांचा कॅमेरा एका ओढीत चालला तर तेवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मग दुसऱ्या खुणांकडे वळावे लागते. लेन्सच्या उजव्या बाजूची, चौकटी हाताने बदलून पाहण्याची छोटी तरफ अगदी पहिल्या कॅमेऱ्यांवर नाही. ती १९५५ मध्ये आली. शटरच्या चकतीवर सुरुवातीला १, २, ५, १०, २५, ५०, १०० अशी जुनी रांग होती, १९५७ मध्ये तिची जागा १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५ या आजही चालणाऱ्या, दर पायरीला दुप्पट होणाऱ्या रांगेने घेतली. मागचे दार उघडले की फिल्म दाबणारी पट्टी दिसते. पहिल्या कॅमेऱ्यांत ती काचेची आहे, नंतर धातूची झाली. पट्ट्याचे कानही बदलले, आधीचे चपटे आणि खाली झुकलेले, नंतरचे गोल. यापैकी एकही खूण एकटी पुरेशी नाही, मात्र काचेची पट्टी, जुनी चकती आणि दोन ओढींची तरफ तिन्ही एकत्र आढळली आणि क्रमांकही त्यांना साजेसा असला, तर तो कॅमेरा फारसा कोणी न छेडलेला आहे असे म्हणायला हरकत नाही.

कॅमेरा उघडला गेला आहे का, हे पाहण्याची एक जागा कारखान्यानेच करून ठेवली होती. एम-थ्रीच्या लेन्सच्या बैठकीवर, बाराच्या ठिकाणी, एका स्क्रूवर काळ्या लाखेसारख्या द्रव्याची मोहोर असते आणि तिच्यावर एल हे अक्षर दाबलेले असते. मोहोर नसेल किंवा तिच्याजागी साधा काळा रंग असेल तर आतले यंत्र कधीतरी कोणीतरी हाताळले आहे. त्यात गैर काहीच नाही, सत्तर वर्षांच्या यंत्राला तेलपाणी लागणारच. फक्त विकणाऱ्याने तो कॅमेरा अस्पर्श असल्याचे सांगितलेले असेल, तर मोहोर त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

रंगाच्या बाबतीत डोळ्यांना सवय लागावी लागते. महायुद्धापूर्वीच्या काळ्या लायकांवर बटणे व तरफा निकेलच्या मुलाम्याच्या असतात आणि निकेलची छटा किंचित पिवळसर, उबदार असते. १९३३ नंतर रुळलेला क्रोमचा मुलामा त्याच्याशेजारी निळसर आणि थंड दिसतो. एकाच कॅमेऱ्यावर दोन छटा दिसल्या की भाग बदललेला आहे. अंगावरचे काळे आवरण व्हल्कनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे असे. कालांतराने ते ठिसूळ होऊन कोपऱ्यांवर टिकल्या उडतात, आणि सगळे आवरण एकसंध व मऊ दिसत असेल तर ते नंतर चढवलेले कातडे असण्याचा संभव अधिक. एम-थ्रीचे बहुतेक कॅमेरे क्रोमचे आहेत, काळ्या रंगाचे त्या मानाने फारच थोडे, म्हणून क्रोमच्या कॅमेऱ्यावर काळा रंग चढवून विकण्याचा उद्योग जुना आहे. काळ्या रंगाखालून कोपऱ्यांवर पितळ दिसते म्हणून रंग अस्सल, हा युक्तिवाद तर मुळातच चुकीचा, कारण क्रोमच्या कॅमेऱ्याचा वरचा पत्राही पितळेचाच असतो आणि रंग घासला की पितळ तिथेही दिसणारच. त्यापेक्षा कोरलेल्या अक्षरांच्या कडा पाहाव्यात. दुसऱ्यांदा रंगवलेल्या पत्र्यात रंग अक्षरांच्या खाचेत साचतो आणि कडा बोथट होतात. स्क्रूंच्या चिरांतही रंग उतरलेला दिसतो.

युद्धकाळातील थ्री-सी नमुन्याची प्रकरणे वेगळीच आहेत. टंचाईमुळे काही कॅमेऱ्यांना लाल कापडाचे पडदे बसले, काहींना राखाडी रंग दिला गेला, आणि काहींच्या क्रमांकाच्या शेवटी के हे अक्षर आहे, जे गोळ्यांच्या बेअरिंगवर चालणाऱ्या शटरसाठीच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. युद्धकाळच्या थ्री-सीमध्ये फिल्म परत गुंडाळण्याच्या तरफेखाली पत्र्याला एक लहानशी पायरी असते, युद्धानंतरच्यांत ती नाही. विमानदलाच्या मालकीची अक्षरे कोरलेले कॅमेरे अस्सल असू शकतात, पण नेमक्या याच अक्षरांनी सर्वाधिक नकला सजवल्या गेल्या आहेत.

त्या नकला बहुधा सोव्हिएत कॅमेऱ्यांपासून बनतात. युक्रेनमधील खार्किव्ह शहरात अनाथ मुलांसाठी स्थापन झालेल्या, शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांच्या नावाशी जोडलेल्या कम्यूनमध्ये १९३४ पासून लायका टूच्या धर्तीवर फेड नावाचा कॅमेरा बनू लागला. हे नाव फेलिक्स एद्मुंदोविच द्झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांचे. युद्धानंतर १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात त्याचेच भावंड झोर्की तयार होऊ लागले. हे कॅमेरे आपापल्या जागी प्रामाणिक आणि कामाचे होते, त्यांना खोटे म्हणणे योग्य नाही. खोटेपणा सुरू होतो तो त्यांच्या माथ्यावरची मूळ अक्षरे घासून तिथे लायकाचे नाव, गरुडाचे चिन्ह किंवा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा उल्लेख कोरला गेल्यावर, आणि सोन्याचा मुलामा व सरड्याच्या कातड्याचे आवरण चढवून १९२९ च्या सुमाराच्या, शंभराच्या आतच बनलेल्या लक्झस नमुन्याची बतावणी झाल्यावर.

ही बतावणी लेन्स काढताच उघडी पडते. बैठकीच्या आत, वरच्या बाजूला, लेन्सच्या मागच्या कडेवर टेकून रेंजफाइंडरला हालचाल देणारी एक तरफ असते. लायकात तिच्या टोकाला एक छोटे, गोल, फिरणारे चाक असते. फेड आणि झोर्कीत त्याऐवजी पाचरीसारखे, न फिरणारे टोक असते. नाव कोरणारा कारागीर कितीही कुशल असला तरी इथपर्यंत तो सहसा पोचत नाही. लेन्सचीही अशीच एक जागा आहे. माक्स बेरेक यांनी लायकासाठी आखलेल्या ५० मिलिमीटरच्या एल्मार लेन्समध्ये प्रकाश कमीजास्त करणाऱ्या पात्या पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात. सोव्हिएत इंडुस्तार लेन्स बाहेरून हुबेहूब तशीच दिसते, पण तिच्यात त्या पात्या दुसऱ्या भिंगाच्या मागे आहेत. लेन्स उजेडाकडे धरून पात्या मिटल्या आणि त्यांच्यापुढे एक काच आहे की दोन, हे तिरक्या प्रतिबिंबांवरून मोजले की प्रश्न मिटतो. आट्यांतही फरक सापडतो. सूक्ष्मदर्शकांच्या धंद्यात मुरलेल्या लाइट्झने ३९ मिलिमीटर व्यासावर इंचाला २६ आटे ठेवले होते. सुरुवातीच्या फेडचे आटे त्याच्याशी नेमके जुळत नाहीत, आणि अशी लेन्स लायकावर फिरवताना मधेच अडखळते.

एकच नमुना दोन देशांत बनल्यामुळे पडणारे भेद भारतीय संग्राहकाला परके नाहीत. अनेक मराठी घरांच्या कपाटांत अजूनही असलेला अॅग्फा क्लिक जर्मनीतही बनला आणि बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्येही, आणि दोन्ही मालिका शेजारी ठेवून पाहण्याचे काम लायकाच्या मानाने फारच थोडे झालेले आहे. तिथे नकलेची भीती नाही, कारण क्लिकची नक्कल करून कोणाला काय मिळणार. पण भाग जुळवून पाहण्याची रीत तीच लागू पडते.

लायकाच्या बाबतीत शेवटचा आधार म्हणजे वेट्झलारच्या कारखान्यातील पाठवणीच्या वह्या. कोणत्या क्रमांकाचा कॅमेरा कोणत्या दिवशी, कोणत्या गावच्या विक्रेत्याकडे रवाना झाला याच्या नोंदी त्यांत आहेत, आणि काळ्या एम-थ्रीसारख्या दुर्मीळ रूपांच्या बाबतीत त्या नोंदीशिवाय मोठा व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. परंतु वही कॅमेरा दाराबाहेर पडला त्या दिवशीची आहे. त्यानंतर १९३४ मध्ये मालकाने बसवून घेतलेला रेंजफाइंडर, १९५१ मध्ये आलेले फ्लॅशचे कडे, मुंबईच्या दमट हवेत बुरशी लागल्यावर बदललेली लेन्स यांतले काहीही तिच्यात सापडायचे नाही. त्यासाठी वही मिटवून, लेन्स काढून, पुन्हा एकदा ते छोटे चाक आणि ते कोरलेले शून्य पाहावे लागते.